पालक, लेट्यूस, मेथी आणि कोथिंबिरीसाठी मातीविना शेतीत कोणते माध्यम वापरावे?

प्रश्न:
पुण्यात गच्चीवर शेडनेटखाली पाइपांमधून पोषणद्रावण फिरवून पालक व लेट्यूस, आणि उथळ ट्रेमध्ये मेथी व कोथिंबीर घेण्याचे ठरवले आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (उष्णतेने फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे कण), भाजलेल्या मातीचे गोळे आणि रॉकवूल (वितळवलेल्या खडकाच्या तंतूंचा स्पंजासारखा ठोकळा) यांपैकी एकच माध्यम दोन्हींकडे चालेल का? पाणी बोअरचे आहे.

उत्तर १:
एकच माध्यम दोन्हींकडे वापरू नये. पाइपमधले रोप पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर प्रत्यक्षात द्रावणावरच जगते. माध्यमाने त्याला फक्त उभे धरायचे असते. तिथे सुटे कोकोपीट भरल्यास त्याचा बारीक चुरा टाकीत उतरून पंपाची जाळी तुंबवतो. म्हणून रोपे रॉकवूलच्या ठोकळ्यात किंवा स्पंजमध्ये तयार करावीत आणि जाळीदार कपात सभोवती मातीचे गोळे घालावेत. हे गोळे धुऊन, निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरता येतात. रॉकवूल मुळात अल्कधर्मी असल्याने पेरणीपूर्वी ते 5.5 पीएचच्या (किंचित आम्लधर्मी) पाण्यात भिजवणे आवश्यक आहे. ते कुजत नाही, ही त्याची उणी बाजू मला गंभीर वाटते. मेथी व कोथिंबीर मात्र दाट पेरायची असल्यामुळे त्यांना कोकोपीटचाच थर हवा.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, पण कोकोपीट पाकिटातून काढून थेट वापरू नये, हे आग्रहाने सांगतो. नारळाच्या काथ्यात सोडियम व पोटॅशियम घट्ट धरलेले असते आणि त्यांच्या बदल्यात तो द्रावणातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ओढून घेतो, त्यामुळे द्रावण योग्य असूनही पिकाला कॅल्शियम कमी पडू शकते. साध्या पाण्याने धुतल्यास मोकळे क्षार जातात, धरलेले जात नाहीत; त्यासाठी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून पुन्हा धुवावे. निथळलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) मोजावा आणि तो तुमच्या मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहावे. बोअरचे पाणी जड (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले) असेल तर त्यातील बायकार्बोनेटमुळे पीएच सतत वर सरकतो, म्हणून माध्यमावर खर्च करण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता:
दोन्ही उत्तरांबद्दल आभार. मग पर्लाइट अजिबात नको का?

उत्तर ३:
ट्रेमध्ये ते जरूर वापरा. सात भाग कोकोपीटला तीन भाग पर्लाइट हे प्रमाण पालेभाज्यांना मानवते. पाणी 20 अंश तापमानाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नुसते कोकोपीट चिंब राहिले की मुळे गुदमरतात आणि पिथियम या बुरशीसारख्या जीवाची मूळकूज शिरते. पर्लाइटमुळे हवेच्या पोकळ्या टिकतात. ते पोत्यातून काढण्यापूर्वी ओले करावे आणि तोंडावर मास्क बांधावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते. मिश्रणावर कोकोपीटचा पातळ थर द्यावा. उघड्या पांढऱ्या कणांवर उन्हात शेवाळ लवकर धरते.