वाड्यात पब केला तर बिघडलं कुठे?

चेशायरकर
काल इथल्या एका सन्माननीय सदस्यांनी इंग्लंडमधल्या सँडबॅचच्या ओल्ड हॉल या पबचा फोटो टाकून लिहिलं, ‘साडेतीनशे वर्षांच्या जमीनदारवाड्यात बीअर ओततात. इंग्रजांना इतिहासाची चाड नाही.’ वाचून डोकंच फिरलं. अहो, मी शेजारच्याच गावात राहतो. आधीचा वाडा जळाला, त्याच जागेवर 1656 मध्ये हा उभा राहिला. पुढे त्याची सराई झाली, म्हणजे दारू तिथे तुमच्या-माझ्या आधीपासून आहे. ग्रेड वनची, म्हणजे संरक्षित यादीतल्या सगळ्यात वरच्या दर्जाची इमारत, परवानगीशिवाय काही हलवायची सोय नाही. मधे काही वर्षं कुलूप होतं. 2011 मध्ये पबवाल्यांनीच डागडुजी करून उघडली. आज त्या काळ्या तुळयांखाली कुणीही जाऊन बसतं, कुत्र्यासकट. जमीनदाराच्या काळात तुम्हाला उंबरठा तरी ओलांडू दिला असता का?

पंतांची सून
सन्माननीय सदस्य मीच. टोमणे कळतात मला. पबवाले वाडे वाचवतात म्हणे! मग तिकडच्याच हिमली गावच्या क्रुकेड हाउस पबचं काय झालं? मुळात 1765 चं शेतघर, खालच्या खाणींमुळे एक बाजू चार फूट खचलेली. आत गोटी सोडली की चढावर चाललीय असं वाटायचं. माझी मुलं तिथून निघायलाच तयार नव्हती. 2023 च्या जुलैत पबवाल्या कंपनीने विकलं, ऑगस्टमध्ये आग लागली, आणि दोन दिवसांत सगळं जमीनदोस्त. छान जपणूक.

चेशायरकर
ताई, ते संरक्षित यादीत नव्हतं, म्हणून तर पाडायची हिंमत झाली! आणि 2024 मध्ये कौन्सिलने पुन्हा बांधायची नोटीस काढलीच ना? लंडनचं कार्लटन टॅव्हर्न, तेही पबच, 2015 मध्ये विनापरवाना पाडलं, तर होतं तसंच परत बांधायला लावलं. 2021 मध्ये उघडलंसुद्धा. पुण्यात एक बिल्डर दाखवा ज्याला असा वाडा परत बांधावा लागला.

माडीवाले आजोबा
पुण्याचं नाव काढलंत म्हणून लिहितो. बिल्डर शेवटी येतो हो. आमचा सदाशिवातला वाडा 1947 च्या भाडे कायद्याने खाल्ला. भाडी 1940 च्या दराला गोठवलेली. तळमजल्याचे बिऱ्हाडकरू महिना अकरा रुपये द्यायचे, तेही मनीऑर्डरने, आमचं तोंड बघायला नको म्हणून! कौलं चाळायला माणूस लावला की एका दिवसात वर्षाचं भाडं संपायचं. वाडा काय हवेवर जपायचा?

तळमजला
वा आजोबा! आणि पागडी घेतली ती कुठे गेली? आम्हीही अशाच वाड्यात राहिलो. जिन्याची पायरी कुजली होती, मालकाला वर्षभर सांगत होतो. ‘सोडून जा, मग करतो’ हे उत्तर. त्याच पायरीवरून आई पडली, मांडीचं हाड मोडलं. पायरी शेवटी वडिलांनी स्वतः बसवली, तर मालकाची नोटीस आली : विनापरवाना बांधकाम!

माडीवाले आजोबा
आईंचं वाईट वाटलं. पण वाडा पडल्यावर फ्लॅट फुकट मिळाला की नाही, तेही लिहा.

तळमजला
फुकट? चाळीस वर्षं राहिलो, संडासाच्या रांगेत उभं राहून दिवस काढले. त्याला फुकट म्हणतात होय?

पंतांची सून
पबवर चर्चा होती ना? असो. विश्रामबाग वाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे पालिकेची कचेरी आली. वापरात राहिला म्हणून आज दिसतोय, एवढं चेशायरकरांचं मान्य. पण पाठशाळा कुठे आणि दारूचा गुत्ता कुठे!

चेशायरकर
मान्य केलंत, भरून पावलो. सँडबॅचला पाठशाळा काढायची असेल तर कळवा, वीजबिलाचा आकडा विचारून ठेवतो.

माडीवाले आजोबा
पागडीचा आरोप केलात तर पावती दाखवा.

तळमजला
पागडीची पावती? तुम्ही मालक, तुम्हीच सांगा, कधी फाडली होतीत का?