शब्दचर्चा: ‘श्लीसर’ म्हणजे ‘बंद करणारा’ का?

शिल्प निदेशक, वीजतंत्री:

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून वीजतंत्री ट्रेडची बरीच मुलं जर्मनच्या वर्गाला बसू लागली आहेत. त्या वर्गात बाजारहाट येतो, डॉक्टरकडे काय सांगायचं ते येतं, पण डीबी, म्हणजे घरातली वीजवाटपाची पेटी, उघडल्यावर लागणारे शब्द येत नाहीत. म्हणून आम्ही स्मार्ट होमचा भाग, म्हणजे केएनएक्स, मुद्दाम जर्मन स्क्रीनवरच शिकवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केएनएक्समध्ये भिंतीवरचं बटण दिव्याला थेट जोडलेलं नसतं. घरभर एक हिरवी केबल फिरते. तिच्यातल्या लाल-काळ्या जोडीवर साधारण 29 व्होल्ट डीसी असतो आणि त्याच जोडीवरून सेकंदाला 9600 बिट या वेगाने संदेश जातात. संदेशाला नाव ‘टेलिग्राम’. बटण टेलिग्राम पाठवतं आणि डिन रेलवरचा शाल्टआक्टोर, म्हणजे रिलेचं मॉड्यूल, तो ऐकून दिवा लावतो.

आता अडचण सांगतो. केएनएक्सची मांडणी ज्यात करतात त्या ईटीएस सॉफ्टवेअरमध्ये शाल्टआक्टोरच्या प्रत्येक चॅनेलला विचारलं जातं: श्लीसर की ओफ्नर? ‘श्लीसन’ म्हणजे बंद करणे आणि ‘ओफ्नन’ म्हणजे उघडणे, हे मुलांना दार-खिडकीच्या धड्यापासून पाठ असतं. मग ‘श्लीसर’ म्हणजे बंद करणारा, म्हणजे दिवा घालवणारा, असा हिशोब मनात बसतो आणि मुलगा ‘ओफ्नर’ निवडतो. मग बटणावरून ‘आइन’चा, म्हणजे ‘लाव’चा, टेलिग्राम गेला की दिवा जातो आणि ‘आउस’, म्हणजे ‘घालव’, गेला की लागतो. पोरगं अर्धा तास वायरिंग तपासत बसतं. वायरिंगमध्ये काहीच चुकलेलं नसतं.

श्लीसर म्हणजे आपला एन.ओ., एरवी सुटा असणारा संपर्क, आणि ओफ्नर म्हणजे एन.सी., एरवी जोडलेला असणारा, हे मी सांगतोच. पण मराठीत बोलताना कोणता शब्द वापरावा? पुस्तकातला ‘बंद परिपथ’ गोंधळ आणखी वाढवतो.

जर्मन शिकवते, पुणे:

सर, गोंधळ जर्मनचा नाही, आपल्या ‘बंद’चा आहे. दार बंद, दुकान बंद, पंखा बंद, रस्ता बंद, सगळीकडे एकच शब्द. जर्मनमध्ये दार ‘त्सू’ असतं आणि दिवा ‘आउस’ असतो, दोन्हींची सरमिसळ कधी होत नाही. मराठीत मात्र परिपथ ‘बंद’ झाला की वीज वाहते आणि दिवा ‘बंद’ झाला की वाहायची थांबते. मुलानं काय समजावं?

माझं मत विचाराल तर तासाला ‘बंद’ आणि ‘चालू’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. श्लीसरला ‘जोडणारा’ म्हणा आणि ओफ्नरला ‘तोडणारा’. कनेक्शन जोडणं-तोडणं बिल थकलेल्या प्रत्येक घराला कळतं, त्यामुळे समजावून सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट आपल्या मुलांच्या बाजूची आहे. ‘शाल्टन झी दास लिष्ट इम फ्लूर...’ इथपर्यंत ऐकून दिवा लावायचा की घालवायचा ते कळत नाही, ‘आइन’ की ‘आउस’ ते शेवटी येतं. इंग्रजीची सवय झालेली मुलं आधीच हात पुढे करतात. मराठीत ‘पॅसेजमधला दिवा’ ऐकल्यावर ‘लाव’ की ‘घालव’ यासाठी आपण थांबतोच. वर्गात हे मुद्दाम दाखवून द्या, मुलांना धीर येतो.

श्टुटगार्टजवळून, तिसरं वर्ष:

सर, ताई, नमस्कार. मी इथे गेबॉयडेझिस्टेमइंटेग्रात्सिओनचं, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणा एकमेकींना जोडण्याच्या कामाचं, आउसबिल्डुंग (काम करत शिकायचं प्रशिक्षण) करतोय. 2021 मध्ये सुरू झालेला साडेतीन वर्षांचा कोर्स आहे. ‘जोडणारा-तोडणारा’ मला पटलं, पण साइटवर कोणी समजावत बसत नाही, त्यामुळे मूळ शब्दही तोंडात बसू द्या.

त्याहून जिवावरचा शब्द आहे ‘फ्रायशाल्टन’. ‘फ्राय’ म्हणजे मोकळं. सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स फ्रायशाल्टन करणं म्हणजे ते वापरायला खुलं करणं. वीजकामात फ्रायशाल्टन म्हणजे सगळ्या बाजूंनी पुरवठा तोडणं, आपल्याकडचं ‘शटडाउन घेणं’. पाच सुरक्षा नियमांतला हा पहिला. दुसरा नियम, कोणी परत चालू करू नये म्हणून अडवून ठेवणं, आणि तिसरा, व्होल्टेज नाही हे मोजून पाहणं. आमच्या कामात लॅपटॉप आणि पक्कड दोन्ही एकाच दिवशी हातात असतात, त्यामुळे हा शब्द दोन्ही अर्थांनी कानावर पडतो.

आणि ‘आउसशाल्टन’ म्हणजे ‘फ्रायशाल्टन’ नव्हे, हे तर रंगवून भिंतीवर लिहा. दिवा ‘आउस’ असला तरी शाल्टआक्टोरच्या टर्मिनलवर फेज आलेला असतोच. वर घरातल्या कोणी मोबाइलवरून किंवा एखाद्या टायमरने टेलिग्राम पाठवला, तर तुमचा हात होल्डरमध्ये असताना रिले जोडला जाईल. एमसीबी पाडा, तिला कुलूप लावा, टेस्टरने मोजा, मगच हात घाला.

शिल्प निदेशक, वीजतंत्री:

दोघांचे मनापासून आभार. बाळा, तू लिहिलेलं उद्याच वर्गात वाचून दाखवतो. फ्रायशाल्टनला मी ‘शटडाउन घेणे’ हेच ठेवतो. आपल्या लाइनमनच्या तोंडात ते मुरलेलं आहे आणि त्यात जबाबदारीही येते.

‘प्रोग्रामीरन’बद्दल माझा निर्णय झाला आहे. जर्मन ईटीएसमध्ये या बटणाने आधी केलेली मांडणी नुसती उपकरणात भरली जाते. इंग्रजी ईटीएसमध्ये तिथे ‘डाउनलोड’ आहे. मुलं ‘प्रोग्रॅमिंग’ ऐकून कोड लिहायला लागणार म्हणून घाबरतात, म्हणून मी ‘उपकरणात भरणे’ म्हणतो. पर्याय निवडण्याला, म्हणजे ‘पारामेट्रीरन’ला, ‘सेटिंग लावणे’.

अडलं आहे ते ‘एन्टलाडन’पाशी. बॅटरीचं एन्टलाडन म्हणजे डिस्चार्ज होणं, आणि ईटीएसमध्ये त्याच शब्दाने उपकरणात भरलेलं सगळं काढून टाकलं जातं. ‘रिकामं करणे’ दोन्हीकडे चालेल का? ताई, बॅटरीसाठी मराठीत ‘उतरणे’ जास्त सहज वाटतं, पण मग ईटीएससाठी वेगळा शब्द द्यावा लागेल. काय करावं?