डाउन सिंड्रोम आहे म्हणून किडनीच्या यादीत नावच नाही?

भांडुपचा_भाचा:
मावसभाऊ २६ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. दीड वर्ष डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा. मावशीला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी चालत नाही. काका गेले. उरली कॅडेव्हरची, म्हणजे मृत दात्याच्या किडनीची यादी. त्यासाठी एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो (नाव लिहीत नाही). एकही तपासणी न सांगता डॉक्टर म्हणाले, "ह्याला कशाला यात पाडता? डायलिसिस चालू ठेवा." ओपीडीच्या कागदावर त्यातलं अवाक्षर नाही.

मुंबईत अवयववाटप बघणाऱ्या झेडटीसीसीच्या यादीत पेशंट स्वतः नाव घालू शकत नाही, हॉस्पिटलनेच घालायचं. म्हणजे भाऊ नाकारला गेला याची नोंदसुद्धा कुठे नाही. माझं म्हणणं एवढंच: नकार द्यायचा तर वैद्यकीय कारण लिहून द्या. नुसतं 'डाउन सिंड्रोम' हे कारण नव्हे.

स्पष्टच_बोलतो:
वाईट वाटेल, पण लिहितो. किडन्या मोजक्या, रांग ही एवढी. प्रत्यारोपणानंतर रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) टाळायची औषधं जन्मभर, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. डोस चुकत गेले की किडनी गेली, आणि ती कुणाच्या तरी मेंदूमृत माणसाची असते, त्या घरच्यांनी रडत रडत सही केलेली. डॉक्टरने ती जास्त टिकेल तिथे द्यावी, यात भेदभाव कसला?

भांडुपचा_भाचा:
थायरॉइडची गोळी तो अकरा वर्षं घेतोय. सकाळी सहाला मावशी उठली नाही तर हाच तिला हलवतो. आमचे साहेब बायपासनंतर सहा महिन्यांत पुन्हा सिगारेटवर. त्यांना कुणी विचारलं होतं का, नियम पाळाल का म्हणून?

अर्धा_वकील:
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३ भेदभावाला मनाई करतं, कलम २५ आरोग्यसेवेबद्दल आहे. प्रत्यारोपणाचा वेगळा उल्लेख नाही. गंमत बघा, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याला २०११ साली दुरुस्ती झाली, त्यात मानसिक अक्षमता असलेल्या जिवंत माणसाचा अवयव काढायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. योग्यच आहे. पण अशा माणसाला अवयव मिळण्याबद्दल एक ओळ नाही! ६५ वर्षांवरच्यांना कॅडेव्हर अवयवासाठी नाव नोंदवायला आडकाठी होती, ती २०२३ मध्ये केंद्राने काढली. सरसकट वयावरून नको, माणूस बघून ठरवा. इथे वेगळा न्याय का?

स्पष्टच_बोलतो:
वकीलसाहेब, कलम ३ पुढे वाचा. रास्त हेतू असेल आणि उपाय त्या प्रमाणात असेल तर वेगळी वागणूक चालते. किडनी वाया जाऊ नये हा रास्त हेतू नाही?

अर्धा_वकील:
आहे. पण ते दाखवून द्यावं लागतं. तपासणीच केली नाही तर दाखवणार काय, कपाळ?

परळ_नाका:
अमेरिकेत सँड्रा जेन्सन नावाच्या डाउन सिंड्रोमच्या बाईला हृदय-फुप्फुस नाकारलं होतं. बोंबाबोंब झाली, मग १९९६ साली स्टॅनफर्डमध्ये प्रत्यारोपण झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशा नकाराविरुद्ध कायदा आला.

स्पष्टच_बोलतो:
आणि ती सव्वा वर्षात गेली. तेही लिहा.

परळ_नाका:
लिहितो की. पण हृदय-फुप्फुस एकत्र बसवण्यात तेव्हा धडधाकट माणसंही पटापट जात होती.

सुई_दोरा:
मी डायलिसिस टेक्निशियन, मध्य मुंबईत. जी गोष्ट कुणी बोलत नाही ती सांगते. फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) दोन जाड सुया घेऊन चार तास हात न हलवता पडायचं. दोन ग्लास पाण्यात दिवस काढायचा, आंबा-केळं बंद. हे जो दीड वर्ष करतोय त्याला गोळी जमणार नाही, हे मला कुणी पटवून दाखवावं. आमच्याकडचे शहाणेसुरते पेशंट दिवाळीत दोन-दोन पाळ्या बुडवून दम लागल्यावर येतात.

पण डॉक्टर एक प्रश्न विचारतात तो खोटा नाही: आईनंतर कोण? मावशींचं वय काय?

भांडुपचा_भाचा:
६१. आईनंतर मी आणि माझी बायको. आम्ही दोघंही त्या दिवशी ओपीडीत उभे होतो. विचारलंच नाही.

सुई_दोरा:
मग चुकलं त्यांचं. विरारहून एकट्या येणाऱ्या विधुरालाही आम्ही विचारतो, घरी कोण बघेल. तो उत्तर देतो, फाइल पुढे सरकते. दुसऱ्या हॉस्पिटलात आधी ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला गाठा, डॉक्टरला नंतर. औषधं कोण देणार ते नावासकट लिहून न्या. हृदयाची टूडी इको काढलेली असेल तर तीही. डाउनच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, तो प्रश्न येणारच.

भांडुपचा_भाचा:
लहानपणी छिद्राचं ऑपरेशन झालंय. फाइल माळ्यावर आहे, आज काढतो. मंगळवारी डायलिसिस नाही, तेव्हा जाऊ.

स्पष्टच_बोलतो:
माझं मत बदललेलं नाही. पण मंगळवारी नाही म्हणाले तर कागद मागा, आणि नाव खोडून इथे टाका. काय लिहितात ते मलाही वाचायचंय.