चाइल्ड असोसिएशन की पीअर?

अल्फ्रेस्कोमध्ये (कागदपत्रं साठवण्याची प्रणाली) करार डिलीट केला की त्याची परिशिष्टंही गायब होतात, हा बग आहे का, असा प्रश्न आलाय. हा बग नाही. अल्फ्रेस्कोच्या मॉडेलमध्ये (कागदपत्रांचे प्रकार नि नाती ठरवणारी व्याख्या) तुम्ही चाइल्ड असोसिएशन, म्हणजे पालक-मूल नातं, घेतलंय, त्यात करारच परिशिष्टांचा प्रायमरी पेरेंट (मुख्य पालक) झालाय. तो गेला की पोरंही जाणारच. परिशिष्टं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून करारातून साधं पीअर असोसिएशन, म्हणजे बरोबरीचा नुसता दुवा, द्या. मग करार उडवला तरी फक्त दुवा तुटतो, फाइल जागेवर राहते.

अजून एक, इथे मीही एकदा फसलोय: परिशिष्ट सक्तीचं करायचं असेल, तर असोसिएशनच्या टार्गेटला (दुव्याचं दुसरं टोक, इथे परिशिष्ट) नुसतं मँडेटरी (आवश्यक) ट्रू लिहून भागत नाही. एनफोर्स्डही (सक्तीने तपासा) ट्रू हवं, नाहीतर परिशिष्टाविना करार बिनबोभाट सेव्ह होतो, वर फक्त इनकम्प्लीट आस्पेक्ट ('अपूर्ण' अशी खूण) चिकटतो.

गेलेली परिशिष्टं परत हवी असतील, तर आधी ट्रॅशकॅन (डिलीट केलेल्या गोष्टींची कचरापेटी) बघा. करार तिथे असेल तर रिस्टोअर करा, परिशिष्टं सोबत येतील.