कोलाजच्या वहीची पानं वाकडी होतात, एकमेकांना चिकटतात: बडोद्याच्या पावसाळ्यात काय करावं?

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. जुन्या बडोद्यावर चित्रवही चालू आहे. तांबेकर वाडा, मांडवी, कीर्तिमंदिर, पोळांमधले (जुन्या गल्ल्या-मोहल्ल्यांमधले) लाकडी कोरीव दरवाजे, अशी एकेका जागेला एक जोडपान. वही ए5, शिवलेली, कागद 120 जीएसएम. मासिकांची गुळगुळीत पानं, लग्नपत्रिका, उत्तरायणातले उरलेले पतंगाचे कागद, बांधणीचे तुकडे आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो असं सगळं त्यात वापरते. चिकटवायला पांढरा फेविकॉल, निम्मं पाणी घालून. वरून ॲक्रिलिक रंग.

अडचणी अशा:
1. पान वाळलं की नावेसारखं वाकतं आणि चित्राखाली बुडबुडे राहतात.
2. वही मिटली की समोरासमोरची पानं चिकटतात. उघडताना रंगाचा पापुद्रा निघतो.
3. फोटोंची शाई पसरते. पतंगाच्या कागदाचा रंगही उतरतो.
4. ॲक्रिलिकवर जेल पेन चालत नाही.
5. निम्मी वही भरली तोवर पुठ्ठे फाकून तिचा पंखा झालाय.

नवरात्रापर्यंत पूर्ण करायची आहे. कारण कळलं तर बरं, नुसता उपाय नको.

जुजबंदी

पहिल्या अडचणीचं मूळ तुमच्या वाक्यातच आहे: "निम्मं पाणी". 120 जीएसएमच्या कागदाला एवढं पाणी झेपत नाही. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. ते लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला वाढतात, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने ताणतो आणि वाळताना त्याच दिशेने आखडतो. चिकटवलेला तुकडा ओला असताना ताणलेला असतो. वाळताना तो आखडतो आणि खालचं पान आपल्याकडे ओढतो. पान वाकतं ते यामुळे.

म्हणून आधी कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा, ओळखा. कुठल्याही कागदाचा 5 सेंमीचा चौकोन कापा आणि एका बाजूने बोटाने ओलावा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, ती तंतूंची दिशा. वहीत ही दिशा कण्याला समांतर असायला हवी. मोठा तुकडा लावताना त्याची धारही कण्याला समांतर ठेवा. तळहाताएवढ्या आणि त्याहून लहान तुकड्यांसाठी एवढं पाहायची गरज नाही.

गोंद: फेविकॉल चार भाग, पाणी एक भाग. याहून पातळ नको. एक इंची चपटा, मऊ केसांचा ब्रश घ्या आणि गोंद तुकड्याच्या मागे लावा, मधून कडांकडे. थर इतका पातळ हवा की खालचा कागद दिसत राहील. लगेच चिकटवू नका. मासिकाच्या गुळगुळीत कागदाला सहसा दोन्ही बाजूंनी खडूसारखा लेप असतो, त्यातून पाणी हळूहळू शिरतं आणि गोंद लागलेली बाजू आधी ओली होते. त्यामुळे गोंद लावल्याबरोबर तो वळायला लागतो. अर्धा ते एक मिनिट थांबा. तो आधी वळेल, मग सपाट होईल. सपाट झाला की ताणून झाला, तेव्हा चिकटवा. तुमचे बुडबुडे इथलेच आहेत: कागद वहीवर बसल्यावर ताणतो आणि ताणायला जागा नसल्यामुळे उचलला जातो. लोकांना वाटतं हवा अडकली, म्हणून ते सुईने टोचत बसतात. टोचून हवा जाते, पण जास्तीचा कागद कुठे जाणार?

वर बटर पेपर ठेवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर दाबत न्या. थेट चित्रावर कार्ड घासलं तर शाई खरवडली जाते.

वाळवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पंख्याखाली उघडं पान ठेवलं तर वरची बाजू आधी वाळते आणि पान वाकतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर ते वरून कोरडं, आतून ओलं राहतं. पानाच्या वर-खाली बटर पेपर, त्याबाहेर टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट (छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते), मग पुठ्ठा आणि वर तीन-चार किलो वजन. अर्ध्या तासाने टिपकागद बदला, दोन तासांनी पुन्हा, मग रात्रभर दाबात. टिपकागद बदलला नाही तर ओल तिथेच कोंडते आणि चार-पाच दिवसांत बुरशीचे ठिपके येतात.

एवढं करूनही पान थोडं वाकलं तर मागच्या बाजूला साधारण तेवढ्याच आकाराचा आणि जाडीचा कागद लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसते.

कागदवेडी

जुजबंदी यांनी पाण्याचं सगळं सांगितलंय, एक भर. 120 जीएसएमच्या वहीत दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा. पाठ मजबूत होते आणि पुढे लागणारी पाचवी अडचणही थोडी हलकी होते, कारण पानांची संख्या घटते. यासाठी ओला गोंद नको, गोंदाची कांडी वापरा.

त्यावर गेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर. विकतचा महाग वाटला तर घरी: पांढरा ॲक्रिलिक रंग दोन भाग, फेविकॉल एक भाग, चॉक पावडर (कॅल्शियम कार्बोनेट) एक भाग. पावडर आधी चमचाभर पाण्यात भिजवून लोण्यासारखी करा, मगच रंगात घाला. कोरडी टाकली तर गुठळ्या होतात आणि ब्रश फिरवताना चरे पडतात. प्लास्टर ऑफ पॅरिस घालू नका, ते वाटीतच घट्ट होतं. दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला आडवा. पूर्ण वाळल्यावर 320 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. असं पान रंगाचं पाणी कमी शोषतं, म्हणून वाकतंही कमी.

बांधणीचे तुकडे आधी कडक खळ करून इस्त्री केलेले असले की कातरताना धागे सुटत नाहीत. कापडाला पाणी न घातलेला घट्ट गोंद लावा, तोही कापडाला नाही, पानाला. पातळ गोंद विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकणारे डाग दिसतात. ते मग जात नाहीत.

लग्नपत्रिकांवरच्या सोनेरी छपाईवर कुठलाच पाण्याचा गोंद धरत नाही. सोनेरी भाग वर ठेवून पाठीलाच गोंद लावा. त्या भागावर काही चिकटवायचं असेल तर तिथे पॉलिश पेपर फिरवून खरबरीत करा. पत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो. कोपऱ्यात नख घालून थर सोडवला तर वरचा छापील पापुद्रा वेगळा निघतो. वहीत तोच लावा.

फाइनआर्ट्स_कट्टा

दुसरी अडचण, पानं चिकटणं. ॲक्रिलिक हे प्लास्टिक आहे, तेही मऊ. हाताला कोरडं लागलं तरी त्याचा थर खोलीच्या तापमानाला थोडा मऊच असतो. फेविकॉलमधलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट 30 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बडोद्यात मे महिन्यात पारा 40 च्या वर आणि पावसाळ्यात दमटपणा, म्हणजे मिटलेल्या वहीत दोन मऊ थर दाबाखाली समोरासमोर. ते एकजीव होणारच. चकचकीत मीडियम (बिनरंगी ॲक्रिलिक) आणि वरून फिरवलेला फेविकॉल यांनी सगळ्यात जास्त चिकटतं. फेविकॉल कागदाच्या खाली ठीक, पान सील करायला कधीच वापरू नये.

उपाय: रंग पातळ थरात. पान पावसाळ्यात किमान तीन-चार दिवस उघडं. शेवटचा हात मॅट मीडियमचा, कारण त्यातल्या बारीक भुकटीमुळे पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि दोन थरांचा पूर्ण स्पर्श होत नाही. सगळं पक्कं वाळल्यावर मेणाचा अगदी पातळ हात: बिनरंगी बूट पॉलिश मऊ फडक्याने लावा, दहा मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने घासून काढा. मेणावर पुन्हा काही लिहिता-चिकटवता येत नाही, तेव्हा हे अगदी शेवटी. चिकटलेली पानं ओढू नका. वही पिशवीत घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने थर कडक होतो आणि पान बऱ्याचदा स्वच्छ सुटतं. बाहेर काढल्यावर लगेच उघडा, नाहीतर थर पुन्हा मऊ पडतो.

आता तिसरी. इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी असते, तिच्यावर ओला ब्रश फिरला की संपलं. दुकानातून लेझर प्रिंट किंवा रंगीत झेरॉक्स काढा. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेलं प्लास्टिक, ते पाण्याने हलत नाही. कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांचे फोटो असेच घ्या.

तांबेकर वाड्यासाठी तर चित्र उतरवण्याची पद्धत करून पाहाच. तिथली 19व्या शतकातली भित्तिचित्रं आज जशी पुसट दिसतात, तसाच पोत मिळतो. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून लेझर प्रिंट काढा. पानावर ॲक्रिलिक जेल मीडियमचा थर, पोस्टकार्डाच्या जाडीचा. प्रिंट पालथी ठेवून कार्डाने दाबा, बाहेर आलेलं मीडियम पुसा. एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग ओल्या स्पंजने पाठ भिजवा आणि बोटाच्या टोकाने गोल-गोल चोळत कागद काढा. एका वेळी सगळा निघत नाही. वाळल्यावर पांढुरकी पावडर दिसेल, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा, दोन-तीन वेळा. चित्राला भोकं पडतात ती घाईने किंवा जोर लावल्यामुळे. इथे मीडियमऐवजी फेविकॉल चालत नाही. भिजवलं की तोच मऊ होतो आणि चित्र सरकतं.

पतंगाच्या कागदाचा रंग कच्चाच असतो. रंग उतरू द्यायचा नसेल तर पानाला गोंदाची कांडी फिरवा, कागद बसवा आणि वरून ओलं काहीच नको. उतरायला हवा असेल तर ओल्या पानावर कागद पसरा, फवारा मारा, पाच मिनिटांनी उचला. खाली जो डाग राहतो तसा जलरंगाने जमवणं कठीण. कच्चा रंग उन्हात उडतो, पण मिटलेल्या वहीत बराच टिकतो.

जुजबंदी

पाचवीचं उत्तर राहिलं होतं. कोऱ्या पानाची जाडी 0.15 मिमीच्या आसपास, कोलाज झालेल्या पानाची सहज 0.5 मिमी. 40 पानं म्हणजे 2 सेंमी, आणि कणा शिवलाय 6 मिमीसाठी. म्हणून सुरुवात करण्याआधीच दर तिसरं पान कापायचं, पण मुळापासून नाही. कण्याजवळ 1 सेंमीची पट्टी ठेवून. मुळापासून काढलं तर जुजातलं (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यातलं) त्याचं जोडीचं पान सुटं होतं आणि शिलाई सैल पडते. ती पट्टी कण्याची जाडी धरून ठेवते. तुमच्या वहीत आता उरलेल्या निम्म्या भागात दर दुसरं पान काढा, म्हणजे फुगवटा थोडा कमी होईल. कापड आणि पुठ्ठा कण्यापासून दीड सेंमी दूर ठेवा.

फेविकॉलऐवजी मैद्याची खळ हाही चांगला मार्ग आहे: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची आणि फडक्यातून गाळायची. ती हळू धरते, तुकडा सरकवायला वेळ मिळतो, आणि पुढे कधी ओलावून सोडवताही येतो.

कागदवेडी

खळीशी मी सहमत नाही, निदान या हवेत तरी नाही. तिच्यात पाणी फेविकॉलपेक्षा जास्त, आणि पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोघांनाही ती आवडते. बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलं हाताळतील अशा वहीत नकोच. थंडीत खळ जरूर वापरा.

पेनांबद्दल. जेल पेनाच्या शाईला शोषणारा कागद लागतो. प्लास्टिकवर ती बसत नाही, आणि टोकाच्या गोळीत रंगाचा कण अडकला की पेन बंद. 0.7 मिमीचा ॲक्रिलिक मार्कर चालतो. पिगमेंटचे फायबर-टोकाचे पेन गेसोच्या खरबरीतपणाने झिजतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे मजकूर साध्या कागदावर लिहा, पट्ट्या फाडा आणि चिकटवा. कातरण्यापेक्षा फाडलेली कड पानात नीट मिसळते. अक्षर चुकलं तर पट्टी बदलते, पान नाही.

सुरसागर_काठ

खूप आभार. दोन शंका. बटर पेपर किराणा दुकानातला चालेल का? आणि पस्तीवाल्याकडे (रद्दीवाल्याकडे) देवदेवतांची जुनी छापील चित्रं आणि पिवळी पडलेली गुजराती वर्तमानपत्रं मिळाली आहेत, ती थेट वापरावी का?

फाइनआर्ट्स_कट्टा

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि शेजारच्या पानालाही तांबूस छटा देतं. मीडियमचा हात मारला तरी हे थांबत नाही, फक्त मंदावतं. चांगल्या कागदावर रंगीत झेरॉक्स काढा, पिवळेपणासकट.

देवांच्या चित्रांचं म्हणाल तर या गावाला ती परंपरा आहे. चित्रकार भूपेन खख्खर 1962 मध्ये बडोद्यात आले आणि त्यांच्या 1965 च्या पहिल्या एकल प्रदर्शनातली कोलाजं बाजारातल्या अशाच छापील देवचित्रांची होती. पण हातातली प्रत रविवर्म्याच्या प्रेसची ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी दगडी छपाईची प्रत) असू शकते. कापण्याआधी भिंगाखाली पाहा. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट छपाई, वापरायला हरकत नाही. वेडेवाकडे, असमान ठिपके आणि एकावर एक चढलेले रंग दिसले तर ती दगडावरची छपाई असण्याची शक्यता मोठी. ती कापू नका. स्कॅन करून लेझर प्रिंट काढा.

कागदवेडी

बटर पेपर बेकिंगचा घ्या, सिलिकॉनचा लेप असलेला, त्याला गोंद धरत नाही. ओळखायला थेंबभर फेविकॉल टाकून वाळू द्या: सोलून स्वच्छ निघाला तर तो सिलिकॉनचा. मिठाईच्या डब्यातला साधा बटर पेपर ओल्या गोंदाला चिकटतो, तो फक्त वाळलेल्या पानांमध्ये घाला. वही पावसाळाभर कपाटात ठेवायची तर कापडी पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका.