औषध 'विघटित' होतं की 'विरघळतं'? आणि 'आम्लता' लिहायचं का 'सामू' (पीएच)?

खलबत्ता: द्रावण किती आम्ल आहे त्यावर त्यातलं औषध किती लवकर खराब होतं, या विषयावर लेख लिहितोय. पहिलंच वाक्य आहे 'द्रावणाची आम्लता वाढली की औषधाच्या विघटनाचा दर वाढतो'. दोघांना वाचायला दिलं तर दोघांनाही वाटलं की पोटात ॲसिडिटी झाली की गोळी लवकर विरघळते 😀 शब्द बदलायचे का वाक्यच?

अनुस्वार: दोन्ही. औषधाच्या शेजारी 'आम्लता' ठेवली की वाचणारा सरळ आम्लपित्तावर जाऊन पोचणार, त्याचा काय दोष. आणि 'विघटन' तर भलताच ताणलेला शब्द आहे, पालापाचोळ्याचं विघटन, गोळी पाण्यात फुटून तिचे कण सुटे होतात तेही विघटन, आणि रेणू तुटून दुसराच पदार्थ होतो तेही विघटनच. तुला तिसरा अर्थ हवाय ना? मग 'अपघटन' घे, आणि पाण्याने रेणू तुटत असेल तर 'जलअपघटन'. विरघळण्यात रेणू शाबूत असतो, फक्त पाण्यात पसरतो, हे एकदा लेखात सांगूनच टाक.

परीक्षानळी: शब्दांचं ठीक आहे, पण वाक्यच सगळ्या औषधांना लागू नाही. ॲस्पिरिन घ्या, पाण्यात ठेवलं की त्याचं जलअपघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल होतं (जुन्या गोळ्यांच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो याच ॲसेटिक आम्लाचा, तिथे हवेतला दमटपणा पाण्याचं काम करतो). पण द्रावणात ते सगळ्यात जास्त टिकतं पीएच २.५ च्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी आम्ल असताना! त्याहून खाली गेलात तरी वेग वाढतो आणि वर गेलात तरी वाढतो, मग साधारण ५ ते ८ मध्ये वेग आणि पीएचचा आलेख जवळजवळ सपाट, कारण तिथे ॲस्पिरिनच्या रेणूचाच कार्बोक्सिलेट गट (आम्लाच्या भागाने हायड्रोजन आयन सोडला की उरतो तो) पाण्याला हल्ला करायला मदत करतो, बाहेरच्या आम्लाची किंवा अल्काची वाट बघत नाही, आणि त्याच्याही पुढे हायड्रॉक्साइड (अल्कातला आयन) वाढला की पुन्हा चढ. उलट पेनिसिलिन जी ६ ते ७ च्या दरम्यान बरं राहतं, आम्लात त्याचं बीटा-लॅक्टम कडं (रेणूतलं चार अणूंचं वलय) पटापट तुटतं, म्हणून तोंडाने घेऊन फारसा उपयोग नाही, इंजेक्शन द्यावं लागतं. पेनिसिलिन व्ही आम्लात त्यामानाने तग धरतं, म्हणून त्याच्या गोळ्या चालतात.

अनुस्वार: म्हणजे 'आम्लतेनुसार अपघटनाचा वेग बदलतो' एवढंच म्हणायचं, वाढतो की घटतो ते औषधागणिक. पण मग 'पीएच'ला 'सामू' म्हणावं का? मातीपरीक्षणात सर्रास चालतो.

परीक्षानळी: चालेल, फक्त 'सामू वाढला' लिहिलंत की निम्मे लोक आम्लता वाढली असंच वाचतात. १९०९ साली सोरेनसेनने ही मोजपट्टी काढली ती ऋण लॉगरिदमची, म्हणून आम्लता वाढली की आकडा उतरतो. आणि एक एकक म्हणजे दहापट! जिथे अपघटन फक्त हायड्रोजन आयनांमुळे होतंय तिथे सामू ३ वरून २ वर आणला तर वेग दहापट होतो. वाचणाऱ्याला वाटतं, एकानेच तर उतरलाय.

खलबत्ता: आणि 'दर' ठेवू का 'वेग'?

परीक्षानळी: मी 'वेगस्थिरांक' म्हणेन, म्हणजे वेगाच्या सूत्रातला स्थिर गुणक. औषध संपत जातं तसा वेग आपोआप मंदावतो, सामू तोच असला तरी, मग तुलना कशाची करणार? स्थिरांक मात्र ठरावीक तापमानाला आणि ठरावीक द्रावणात तोच राहतो, आणि अभिक्रिया पहिल्या कोटीची असेल (म्हणजे वेग उरलेल्या औषधाच्या प्रमाणात असेल) तर ०.६९३ ला त्याने भागलं की अर्धायुकाल मिळतो, ०.१०५ ला भागलं की १० टक्के औषध जायला लागणारा वेळ. औषधवाले बहुतेक वेळा दुसराच आकडा बघतात, अर्धं औषध जाईपर्यंत कोण थांबतंय.

खलबत्ता: बरं, आलेखातला तो सगळ्यात खालचा बिंदू, त्याला काय म्हणू? 'किमान अपघटन बिंदू' लिहिलंय.

अनुस्वार: 'कमाल स्थैर्याचा सामू' म्हण ना, 'बिंदू' म्हटलं की गोठणबिंदू, उत्कलनबिंदू आठवतात आणि तापमान डोक्यात येतं.

परीक्षानळी: +१. फक्त आलेखाखाली तापमान आणि कुठला बफर (सामू फारसा बदलू न देणारं द्रावण) वापरला ते लिहाच. सामू तोच ठेवून नुसता बफर बदलला, फॉस्फेटच्या जागी सिट्रेट घेतला, तरी काही औषधांचा वेग बदलतो, कारण बफरचे आयन स्वतःही उत्प्रेरक म्हणून काम करतात. आणि कृपया तिथे 'उभयप्रतिरोधी द्रावण' लिहू नका, बफरच राहू द्या.

अनुस्वार: ते मात्र मला पटलेलं नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.