दमा-अ‍ॅलर्जी खरंच वाढलीय, की नुसतं नाव मिळालंय?

चिरेबंदी: 'हल्ली घरटी एक दम्याचा पंप' हे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू येतं. माझ्या मते वाढलंय ते निदान. पूर्वी 'बाळदमा', 'छाती भरते' म्हणून सोडून द्यायचे, त्यालाच आता दमा म्हणतात. त्यातही कच्ची निदानं बरीच. रीतसर करायचं तर आधी स्पायरोमेट्रीची (फुप्फुसाची हवा मोजणाऱ्या यंत्रात) फुंकर, मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्बुटामॉल 400 मायक्रोग्रॅम, 15 मिनिटांनी पुन्हा फुंकर. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिली, दोन्हींनी वाढली तर मोठ्या माणसात तो दम्याचा भक्कम पुरावा. इथे खोकला आठवडाभर टिकला की पंप हातात! अ‍ॅलर्जीचंही तेच. टोचून केलेल्या चाचणीत 3 मिलीमीटरची गांधी उठली की कोळंबी बंद. खाऊन काही होत नसेल तर ती अ‍ॅलर्जी कसली?

खाडीकाठ: कोळंबीचं मान्य. पण आयझॅक या मुलांच्या दमा-अ‍ॅलर्जीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीचं काय? 13-14 वर्षांच्या मुलांत मुख्य मोजमाप निदानाचं नव्हतं, लक्षणाचं होतं. 'गेल्या 12 महिन्यांत छातीत सूं-सूं वाजलं का' हा प्रश्न. 5 ते 10 वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा. ब्रिटन, न्यूझीलंडमध्ये प्रमाण थांबलं किंवा उतरलं; जिथे आधी कमी होतं अशा बऱ्याच देशांत चढलं.

चिरेबंदी: ग्यानबाची मेख त्या 'सूं-सूं'तच आहे. चोंदलेल्या नाकाची घरघर आणि छातीतली शिट्टी यांतला फरक मुलाला कळतो?

खाडीकाठ: म्हणून तर काही केंद्रांवर व्हिडिओ दाखवून विचारलं.

सड्यावरची: जगाचं राहू दे, घरात बघा. धुळीतल्या माइट किड्यांना 50 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, आणि आपल्याकडे पावसाळाभर त्यांची चंगळ. दमट हवा पूर्वीही होती, पण कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. आता स्लॅब, सरकत्या काचा, जाड गादी, आतच वाळत घातलेले कपडे. वर बंद खोलीत मच्छर कॉइल: 2003च्या एका अभ्यासात एका कॉइलचे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके निघाले. गोधडी नुसती उन्हात टाकून भागत नाही. किडे मरतात, पण त्यांची विष्ठा कापडातच राहते, आणि त्रास तिचा. 60 अंशांच्या पाण्यात धुवा, मग ऊन द्या. हे मे महिन्यातच उरका, जूननंतर ऊन कुठलं!

चिरेबंदी: आणि चुलीचा धूर गेला त्याचं काय? तो फायदा हिशेबात धरायचा नाही?

सड्यावरची: धरा ना. पण न्हाणीघरातला बंब अजून लाकडावरच पेटतोय, तोही धरा.

खाडीकाठ: एक उलटी बाजू. 2019च्या जागतिक अंदाजानुसार दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त इथे. निदान एवढं सढळ असतं तर हे झालं असतं?

चिरेबंदी: मृत्यू उपचाराअभावी होतात. 'पंपाची सवय लागते' म्हणून रोजचा स्टेरॉइड पंप बंद करायचा आणि धाप लागली की तात्पुरत्या आरामाचा निळा पंप ओढायचा. यातून रोग वाढल्याचं कुठे सिद्ध होतं?